गोळीच्या नावामागचं आय. पी.

दिल्लीकराला ‘आय. पी.’ म्हटलं की इंद्रप्रस्थ आठवतं. आय. पी. इस्टेट, आय. पी. एक्स्टेन्शन, झालंच तर मेट्रोचं स्टेशन. पण घरातलं तापाच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून जरा उजेडात धरा. कंपनीने दिलेलं ठसठशीत नाव सोडून द्या, त्याच्याजवळची बारीक ओळ वाचा: पॅरासिटामॉल टॅबलेट्स आय. पी. हे आय. पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचा आपला अधिकृत ग्रंथ. तो तयार होतो यमुनेच्या आणि पुढे हिंडनच्याही पलीकडे, गाझियाबादच्या राजनगरात. सांगली असो की शिलाँग, पाकिटावर ही दोन अक्षरं असली की त्या गोळीला गाझियाबादच्या पुस्तकातले नियम लागू झाले. कायद्यानेच.

या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1955 ची, नववी 2022 ची. 2009 पासून इंडियन फार्माकोपिया कमिशन ही स्वायत्त संस्था हे काम पाहते. औषध कसं बनवावं हे ग्रंथात सांगितलेलं नसतं. बनवलेलं औषध कसं पारखावं, ते असतं. वाचायला महारूक्ष. तरी नेटाने दोन पानं वाचली की आपण रोज पाण्याबरोबर ढकलतो त्या गोळीबद्दलचा आदर एकदम वाढतो.

गोळीवर 500 मिलिग्रॅम लिहिलंय ना? मग पॅरासिटामॉल 475 ते 525 मिलिग्रॅमच्या आतच भरलं पाहिजे. वीस गोळ्या घ्यायच्या, एकेक तोलायची. एवढ्या मोठ्या गोळ्यांत सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त ढळणाऱ्या दोनच चालतात, दहा टक्क्यांहून जास्त ढळणारी एकही नाही. पुढची परीक्षा फुटण्याची. काचेच्या सहा उभ्या नळ्या, प्रत्येकीच्या तळाला जाळी, प्रत्येकीत एक गोळी. हा सगळा सांगाडा पाण्यात मिनिटाला तिसेक वेळा खाली-वर होत राहतो आणि पाणी 37 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेइतकं. साधी गोळी पंधरा मिनिटांत फुटून जाळीतून खाली गेली पाहिजे. एका खोलीत काचेचं पोट उभं करून त्याला सहा गोळ्या खाऊ घालायच्या, असला हा प्रकार.

काही गोळ्यांची परीक्षा नेमकी उलटी असते. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोल घ्या. दिल्लीत सकाळी छोले-भटुरे चापून वर ही गोळी टाकणारी मंडळी गल्लोगल्ली भेटतात. या गोळीला आधी आम्लात बुडवतात, दोन तास. तेवढ्या वेळात ती फुटली तर नापास! नंतर आतड्यातल्यासारख्या सौम्य द्रावात टाकतात. तिथे मात्र तासाभरात विरघळली पाहिजे.

हे असं का, याची गोष्ट मला औषधशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. पँटोप्राझोल आम्लात टिकत नाही. जठरात उघडं पडलं तर काम करण्याआधीच ते खलास होतं. म्हणून त्याला आम्लाला दाद न देणारं कवच चढवतात. जठरातून ते तसंच पुढे सरकतं, लहान आतड्यात कवच विरघळतं, औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरत फिरत पुन्हा जठराच्याच भिंतीपाशी येतं, पण आता मागच्या दाराने. भिंतीतल्या ज्या पेशी आम्ल तयार करतात त्यांच्या आत अतिसूक्ष्म नलिका असतात. तिथे शरीरातलं सर्वांत तीव्र आम्ल असतं. औषध त्या नलिकांत शिरतं, अडकतं, आणि ज्या आम्लाने मघाशी त्याचा नाश केला असता तेच आम्ल आता त्याला जागं करतं. जागं झालेलं औषध आम्लाच्या पंपाला कायमचं चिकटतं. रक्तातलं औषध दोनेक तासांत बरंचसं ओसरतं, पण चिकटलेला पंप गेला तो गेलाच. शरीराला नवे पंप बांधायला वेळ लागतो, म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर पुरतो.

आता त्या छोले-भटुऱ्यांकडे या. जेवण पोटात आलं की पंप पेशींच्या आतून पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात, आणि चालू असलेल्या पंपालाच हे औषध पकडू शकतं. तेव्हा पंप सुरू होण्याच्या वेळी औषध रक्तात हजर हवं. केमिस्ट कागदी पुडीवर ‘खाली पेट’ असं घाईघाईत खरडतो त्याच्या पोटात हे सगळं आहे: नाश्त्याआधी साधारण अर्धा तास. पहिल्या दिवशी सगळेच पंप सापडत नाहीत, पुरता गुण यायला काही दिवस लागतात. एका गोळीत फरक पडला नाही म्हणून दुसरी मागायला धावू नये, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं चालूही ठेवू नये.

अशी कवचाची गोळी खलबत्त्यात कुटून दिली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून सून मोठ्या प्रेमाने गोळी कुटून मधात कालवते. ज्या गोळ्यांच्या नावापुढे एस. आर., ई. आर. किंवा एक्स. एल. असं असतं त्यांचा प्रकार आणखी गंभीर. त्यांत अनेकदा दिवसभराचा साठा भरलेला असतो आणि तो हळूहळू सुटावा अशी रचना असते. कुटली की तो सगळा एकदम अंगावर येऊ शकतो. गिळायला त्रास होतो असं डॉक्टरांना सांगितलं तर बहुतेक वेळा पातळ किंवा दुसरं काही मिळतं.

पाकिटाचंही तसंच. काही पाकिटांत प्लॅस्टिकच्या फुगवट्यातून गोळी दिसते, काही दोन्ही बाजूंनी चंदेरी. हा दिखाऊपणा नव्हे. दमट हवेत लवकर बिघडणाऱ्या गोळ्यांसाठी दोन्हीकडून ॲल्युमिनियम लावतात. एक्सपायरीची तारीखही कुणी अंदाजाने छापत नाही. औषध 40 अंश तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून किती टिकतं ते बघतात, शिवाय साध्या तापमानात वर्षानुवर्षं. तरी मे महिन्यात दिल्लीचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेल्या पाकिटाचं काय होतं, हे कुठलीच कंपनी छापत नाही. चंदेरी पाकिटातल्या आठवडाभराच्या गोळ्या सोलून सुट्या डबीत भरून ठेवण्याची शिस्त मोठी छान दिसते, पण ती कुठल्या गोळीला चालते ते केमिस्टला विचारून मगच.

माझी मावशी इंदिरापुरमला राहते. तिच्या उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात तिचा दवाखाना. मागच्या हिवाळ्यात सर्दीतापाने पडली होती तेव्हा तो डबा मी पलंगावर पालथा केला. तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटं बाजूला काढली.

“मावशी, ही तिन्ही एकच आहेत गं.”

“एकच कशी? हे तापाचं, हे अंगदुखीचं, नि हे सर्दीचं. केमिस्टने दिलंय.”

तिन्हींच्या बारीक ओळीत पॅरासिटामॉल होतं. सर्दीच्या गोळीत इतर दोन औषधांच्या संगतीने, पण होतंच.

प्रौढ माणसाला चोवीस तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा चार ग्रॅम. वजन कमी असेल, यकृत दुखावलेलं असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. साडेसहाशेच्या सहा गोळ्या म्हणजेच 3.9 ग्रॅम. त्यात सर्दीच्या गोळ्यांची भर पडली की मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. आत काय होतं? यकृत या औषधाचा मोठा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर पाठवतं. थोडासा भाग मात्र वाटेत एका विषारी रूपात जातो. त्याला निकामी करायला यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, पण मोजकंच. ते संपलं की विष यकृताच्या पेशींवरच बसतं. भीती वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे: जास्त मात्रा घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी फारसं काही होत नाही. थोडी मळमळ, कधी तीही नाही. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, आणि उत्तमही आहे. पण त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो पहिल्या आठ तासांत, माणूस ठणठणीत दिसत असताना. तेव्हा बरं वाटतंय या भरवशावर थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

सगळ्यांची यकृतंही एकसारखी नसतात. हृदयविकारानंतर रक्त गोठू नये म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल यकृतातल्या एका एन्झाइमने रूप बदललं तरच कामाला येतं, आणि हे एन्झाइम मंद असलेली माणसं दक्षिण आशियात बरीच आहेत. मथुरा रोडजवळची इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी ही संस्था हजाराहून जास्त भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून असे फरक शोधते आहे. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला पडेलच असं नाही, हे आजीही सांगायची. आता त्याचा जनुकातला पत्ता सापडतो आहे.

हे सगळं पुस्तक, या परीक्षा कशासाठी, याचं उत्तर दिल्लीच्या उंबरठ्यावर फार मोठ्या किमतीला मिळालेलं आहे. 1998 च्या एप्रिल ते जून या काळात दिल्लीतल्या दोन रुग्णालयांत 36 लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दाखल झाली. गुडगाव भागातली. त्यांतली 33 गेली. धागा निघाला खोकल्याच्या औषधाकडे: त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हा कारखान्यांत वापरला जाणारा द्राव. रंगहीन, दाटसर आणि गोड, औषधात वापरतात त्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखाच. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. तपासणीला कळतो, ती केली तर. मुंबईकरांना हे नाव 1986 पासून माहीत आहे. जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची लक्तरं वेशीवर टांगली. तरीही 2025 मध्ये छिंदवाड्याची मुलं त्याच विषाने नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली. दोन ओळींची परीक्षा आहे ही, आणि ती वगळण्याची हिंमत माणसं पुन्हा पुन्हा करतात. मला याचं आश्चर्य विज्ञानापेक्षा जास्त वाटतं. पालकांच्या हातात एवढंच: लहान मुलांना खोकल्याचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. फार लहान मुलांना बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

पाकिटावर आणखी एक खूण असते, डाव्या बाजूची उभी लाल रेघ. ती असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने ती लोकांना ओळखता यावी म्हणून मोहीमच काढली होती. सोबत ‘आर एक्स’ ही खूण असते, आणि झोपेच्या किंवा सवय लावणाऱ्या काही गोळ्यांवर ‘एन आर एक्स’. लाल चौकटीतला इशारा दिसला तर ते औषध शेड्यूल एच-वन मधलं. ही यादी 2013 मध्ये निघाली, 1 मार्च 2014 पासून लागू झाली. सुरुवातीला तीत 46 औषधं होती, बहुतेक वरच्या फळीतली अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगावरची. अशी औषधं विकताना केमिस्टने रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं जपायचं असतं.

या यादीच्या मागे दिल्लीचं नाव जगभर नेणारी एक घटना आहे, आणि दिल्लीला ती अजून झोंबते. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक 2007 च्या डिसेंबरात नवी दिल्लीच्या रुग्णालयात होता. स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत असा जंतू सापडला की जो शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही जुमानत नव्हता. जंतूकडे एक नवं एन्झाइम होतं, त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन अणू. अँटिबायोटिकच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं आणि औषधाचा सगळा जोर त्या कड्यात असतो. जस्ताचे हे दोन अणू पाण्याच्या एका रेणूला कामाला लावून ते कडं तोडतात. एन्झाइमचं नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-वन. शहराचं नाव का दिलं म्हणून इथे पुष्कळ आरडाओरडा झाला. पण 2011 मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 नमुन्यांपैकी दोनमध्ये त्याचं जनुक सापडल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा नावापेक्षा नळाची काळजी जास्त करायला हवी होती. हे जनुक जंतूंच्या एका सुट्या डीएनए कड्यावर असतं आणि एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊन टाकू शकतो. विषाणूंच्या सर्दीवर आपण मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक घेतो तेव्हा सर्दीला काडीचाही फरक पडत नाही. पोटातले साधे जंतू मरतात, आणि ज्यांच्याकडे असली जनुकं आहेत त्यांना मैदान मोकळं मिळतं.

इतक्या परीक्षा देऊनही एक परीक्षा बाकी राहते, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेत घेता येत नाही. नवं औषध बाजारात येण्याआधी काही हजार माणसांवर तपासलं जातं. समजा, त्याचा एखादा गंभीर दुष्परिणाम दहा हजारांत एकाला होतो. तो एकदा तरी दिसेल अशी पंच्याण्णव टक्के खात्री हवी असेल तर तीस हजार माणसं लागतात. तीन हजारांच्या चाचणीत तो बहुधा दिसणारच नाही. तो दिसणार औषध लाखो घरांत पोहोचल्यावर, कुणाच्या तरी अंगावर. आणि त्या घराने सांगितलं तरच इतरांना कळणार.

हे सांगण्याचं ठिकाणही गाझियाबादलाच आहे. 2010 च्या जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समधून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया सुरू झाला, आणि 15 एप्रिल 2011 ला त्याचं राष्ट्रीय केंद्र राजनगरच्या त्याच कमिशनकडे आलं. म्हणजे दोन अक्षरांच्या रूपाने गोळी जिथून निघते तिथेच तिच्या तक्रारी परत येतात. तिथून त्या स्वीडनमधल्या उपसालाला जातात. थॅलिडोमाइड या औषधाने घडवलेल्या शोकांतिकेनंतर, 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरू केलेल्या कार्यक्रमाचं भांडार तिथे आहे आणि त्यात जगभरातल्या कोट्यवधी नोंदी आहेत. एका नोंदीला फारसा अर्थ नसतो. पुरळ उठलं, उठतं कधीकधी. पण तेच औषध, तसंच पुरळ, वेगवेगळ्या राज्यांतून पुन्हा पुन्हा येऊ लागलं की आकडे बोलायला लागतात.

30 नोव्हेंबर 2023 ला असंच झालं. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल गाझियाबादने सूचना काढली: या औषधाने ड्रेस सिंड्रोम नावाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, लक्ष ठेवा. यात ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गाठी सुजतात, यकृतासारख्या आतल्या अवयवांनाही झळ पोहोचते. प्रकार विरळा आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण तो सहसा औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी उमटतो. इतक्या दिवसांनी ताप आला तर कोण त्या गोळीची आठवण काढणार? मुलीची आई म्हणणार, उष्णता झाली असेल. तेव्हा ताप आणि पुरळ जोडीने दिसले तर मागच्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना सांगायच्या, आयुर्वेदिकही, हौसेने घेतलेल्याही.

नोंद करायला डॉक्टरच लागतो असं नाही. रुग्णांसाठीचा फॉर्म वेगळा आहे आणि तो मराठीतही मिळतो. फुकट फोन करता येतो, 1800-180-3024, कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणीची केंद्रंही आहेत. कारण सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही, शंका पुरे. नावं गुप्त राहतात. रुग्ण कोण, औषध कुठलं, त्रास काय, सांगणारं कोण, ही चार उत्तरं आली की नोंद धरली जाते.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना असतो, बॅच नंबरचा, आणि तोच बहुतेकांचा रिकामा जातो. पुष्कळ पाकिटांवर बॅच नंबर आणि एक्सपायरी एका कडेलाच छापलेली असते. आपण चारच गोळ्या मागितल्या की केमिस्ट कात्री चालवतो आणि ती कड दुकानात राहते. चार गोळ्या घ्या खुशाल. फक्त छापील कडेकडून कापून द्यायला सांगा. नाही म्हणाला तर फोन काढून आख्ख्या पाकिटाचा फोटो घ्या आणि बिल मागा. बॅच नंबर त्यावरही असतो.